वसईचा मे, असईचा सप्टेंबर

मे महिन्यातली उकाड्याची सकाळ होती. जालन्याहून रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने निघून, दादरला लोकल पकडून मी वसईच्या किल्ल्यात पोहोचलो तेव्हा चिमाजी अप्पांच्या स्मारकापाशी गर्दी जमू लागली होती. खाडीकडून खारा वारा येत होता. फेटे बांधलेली मुले, ढोल-ताशे, हार, भाषणांची तयारी असे सगळे नेहमीचेच वातावरण होते. निमित्त होते १७३९ च्या विजयाचे.

एवढ्या लांबून तुम्ही कशाला आलात, असे शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी विचारले. मी म्हणालो, "आमच्या जिल्ह्यातही एक रणभूमी आहे. गाव आपली लढाई कशी आठवते, ते बघायला आलो." त्यांनी रणभूमीचे नाव विचारले. मी 'असई' म्हणालो, त्यांना 'वसई' ऐकू आले, आणि आम्ही दोघेही हसलो. या दोन गावांचे नाते मात्र नुसत्या यमकाचे नाही. वसईत कागदावर एक सही झाली आणि नऊ महिन्यांच्या आत तिची किंमत असईच्या शेतांत मोजली गेली. त्या दिवशीच्या भाषणांत त्या सहीचा उल्लेख आला नाही. विजयाच्या दिवशी तो यावा अशी अपेक्षाही धरू नये. पण परतीच्या प्रवासात तीच गोष्ट माझ्या डोक्यात घोळत राहिली.

विजय थोर होता, यात शंका नाही. पोर्तुगीज १५३४ पासून वसईत होते. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे व साष्टी घेतली, पण वसई हाती यायला आणखी दोन वर्षे लागली. १७३९ च्या जानेवारीत तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव पडले. फेब्रुवारीत वसईचा वेढा बसला. तीन बाजूंनी पाणी असलेला किल्ला, त्यामुळे जमिनीच्या बाजूने सुरुंग लावत तटाकडे सरकणे हाच मार्ग होता. काही सुरुंग उडाले, काही उडाले नाहीत आणि काही उशिरा उडून आपल्याच माणसांवर कोसळले. मराठ्यांची हानी पोर्तुगिजांच्या कित्येक पट झाली. अखेर १६ मे रोजी तहाच्या अटी ठरल्या आणि २३ मे रोजी पोर्तुगीज किल्ल्याबाहेर पडले. जुन्या इंग्रजी कागदांत याच तारखा अकरा दिवस मागे, म्हणजे ५ आणि १२ मे अशा दिसतात, कारण इंग्रजांनी तेव्हा नवी कालगणना स्वीकारलेली नव्हती. हरलेल्यांना शस्त्रांसह, सन्मानाने जाऊ दिले गेले. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभा राहिली. मला विजयाइकीच ही अटही मोलाची वाटते.

आता त्याच किल्ल्यातला दुसरा प्रसंग. २५ ऑक्टोबर १८०२, ऐन दिवाळीचे दिवस. पुण्याजवळ हडपसरला यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला. दुसरे बाजीराव पुणे सोडून कोकणात उतरले आणि तेथून इंग्रजांच्या जहाजाने वसईला आले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी कंपनीशी तह केला. कंपनीच्या सहा पलटणी पेशव्यांच्या मुलखात कायमच्या राहणार, त्यांच्या खर्चासाठी सव्वीस लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला जाणार, आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय पेशवे कोणाशी लढाई वा बोलणी करणार नाहीत, अशा त्याच्या अटी होत्या. चिमाजी अप्पांनी ज्या किल्ल्यासाठी हजारोंचे प्राण खर्ची घातले, त्याच वसईत त्यांच्या पणतूने त्रेसष्ट वर्षांनी सत्तेचा प्राणच लिहून दिला, असे एक वाक्य मी पूर्वी एका टिपणात लिहिले होते. पुढे ते खोडले, कारण नाते चुकले होते. दुसरे बाजीराव हे चिमाजींचे थोरले बंधू पहिले बाजीराव यांचे नातू. आपल्याला आवडलेले वाक्यसुद्धा वंशावळीपुढे टिकले पाहिजे.

१३ मे १८०३ रोजी बाजीराव इंग्रजी संरक्षणात पुन्हा पुण्याच्या गादीवर बसले. म्हणजे पुन्हा मे महिनाच. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर दुसरे रघूजी भोसले यांना हा तह मान्य होणे शक्य नव्हते. ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झाले. १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला पडला. सप्टेंबरच्या सुरुवातीला कर्नल स्टीव्हन्सनने जालना घेतले. आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजी गव्हर्नर जनरलचा धाकटा भाऊ आर्थर वेलस्ली केळणा नदीकाठी येऊन ठेपला.

पंचांग मागे मोजत गेले तर ते नवरात्राचे दिवस होते. घटस्थापनेला आठवडा झालेला, दसरा दोन-तीन दिवसांवर. एरवी मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत. वेलस्लीने मात्र पावसाळ्यातच लढायचे ठरवले होते, कारण भरलेल्या नद्या घोडदळाला अडवतात.

बेत असा होता की वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांनी दोन वाटांनी येऊन २४ तारखेला एकत्र हल्ला करायचा. नळणीला पोहोचल्यावर वेलस्लीला कळले की शत्रू अंदाजापेक्षा फार जवळ आहे. त्याने स्टीव्हन्सनची वाट पाहिली नाही. त्याच्याकडे सुमारे साडेचार हजार कवायती सैन्य होते, शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांचे घोडेस्वार. समोर शिंद्यांच्या दहा हजारांवर कवायती पायदळाचा तळ, शंभराच्या आसपास तोफा आणि अफाट घोडदळ. पायदळाचा मुख्य अधिकारी होता पोलमन नावाचा हॅनोव्हरचा माणूस. त्यात बेगम समरूच्या पलटणीही होत्या.

वाटाड्यांनी सांगितले, पुढे उतार नाही. वेलस्लीला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली, पिंपळगाव आणि वरूड. दोन गावे अशी वसली असतील तर त्यांच्यामध्ये येण्याजाण्याची वाट असणारच, हा त्याचा तर्क. तो खरा ठरला. इंग्रजी इतिहासात हा तर्क सेनापतीच्या प्रतिभेचा नमुना म्हणून येतो. मी तो प्रसंग आमच्याकडच्या एका शेतकऱ्याला सांगितला तेव्हा तो म्हणाला, "त्यात काय मोठं? दोन गावांत सोयरीक असणार, म्हणजे वाट असणारच."

केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात लढाई झाली. वेलस्ली बगलेवर येतो आहे हे पाहून पोलमनने आपली सगळी रांग फिरवली. एवढ्या मोठ्या पायदळाला तोफांसह, शत्रूसमोर, शिस्तीने फिरवणे सोपे नसते. मराठी तोफांनी वेलस्लीच्या तोफा बैलांसह निकामी केल्या. त्याच्या उजव्या बाजूची एक तुकडी चुकून असई गावाच्या रोखाने सरकली, तिच्या मागून ७४ वी पलटण गेली आणि तोफांच्या तोंडी सापडून जवळजवळ संपली. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत. बरेच जण तोफांपाशीच संगिनींनी मारले गेले. काही मेल्यासारखे पडून राहिले आणि इंग्रजी रांग पुढे जाताच उठून मागून तोफा डागू लागले. खुद्द वेलस्लीचे दोन घोडे त्या दिवशी निकामी झाले. संध्याकाळपर्यंत तोफा इंग्रजांच्या हाती आल्या, पण कंपनीच्या बाजूचे ४२८ मेले आणि ११०० हून अधिक जखमी झाले. मराठ्यांचे सुमारे १२०० मैदानात पडले असा अंदाज आहे. पुढे वॉटर्लू जिंकलेला हा माणूस आपली सर्वोत्तम लढाई म्हणून असईचेच नाव घेत असे. नोव्हेंबरात अडगाव, डिसेंबरात गाविलगड आणि मग देवगाव व सुर्जी-अंजनगावचे तह. वर्षाच्या आत सगळे आटोपले.

स्मरण कोणी केले? जिंकणाऱ्यांनी केले. कंपनीने ७४ आणि ७८ व्या पलटणीला आणि १९ व्या घोडदळाला मानाचे वेगळे निशाण दिले. असईचे नाव आणि हत्तीचे चिन्ह पलटणींच्या निशाणांवर चढले. मद्रासी पलटणींनाही तो मान मिळाला, आणि आजच्या मद्रास रेजिमेंटच्या बोधचिन्हातला हत्ती असईशीच जोडला जातो. स्वतंत्र भारताने मात्र देशी राज्यांविरुद्ध मिळवलेले असे रणसन्मान साजरे न करण्याचे ठरवले. त्यामुळे हत्ती उरला, पण त्याचा दिवस उरला नाही.

आणि आमच्याकडे? १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन होते. त्यानंतर सहाच दिवसांनी येणारी २३ तारीख मी एका वर्षी असईत घालवली. दोन्ही बाजूंना मका, कपाशी, मिरची. केळणेला गढूळ पाणी होते. पारावर बसलेल्या एका वृद्धाला मी आजची तारीख सांगितली, लढाई सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "त्यात आपले कोण होते?"

या प्रश्नाला मला लगेच उत्तर देता आले नाही. शिंद्यांच्या पलटणींतले बहुतेक शिपाई उत्तर हिंदुस्थानातले. कंपनीकडून मेलेल्यांत मोठा भाग मद्रासी शिपायांचा. नदीच्या दक्षिण तीरावर, इंग्रजांच्या बाजूने, पेशव्यांचे मराठी स्वार उभे होते. त्या मोहिमेत वेलस्लीबरोबर असलेल्या पेशव्यांच्या सरदारांत बापू गोखले होते. तेच बापू गोखले फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीला इंग्रजांशी लढताना पडले. 'आपले' नदीच्या दोन्ही काठांवर होते, आणि कुठल्याच काठावर पूर्णपणे नव्हते.

वसईत हा प्रश्न पडत नाही, म्हणून तिथला समारंभ सुखाने पार पडतो. तेथे लढले कोण आणि जिंकले कोण, हे एका वाक्यात सांगता येते. असईचे तसे नाही. म्हणून असई विसरायची, हे मात्र मला मान्य नाही. विजयाचे स्मरण आपल्याला बळ देते, पण आपण कसे फुटलो हे पराभवाच्या जागेवर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. हडपसर, वसई आणि असई ही एकाच वर्षातली एक साखळी आहे. तिची पहिली कडी घरातलीच होती.

मोठे स्मारक व्हावे अशी माझी मागणी नाही. इंग्रजी अहवालांत अधिकाऱ्यांची नावे आहेत, शिपायांचे मात्र फक्त आकडे. गोलंदाजांचा तर धड आकडाही नाही. केळणेच्या उताराशी एक साधा दगड असावा, त्यावर तारीख असावी आणि दोन्ही बाजूंच्या त्या निनावी माणसांसाठी चार ओळी असाव्यात. तो होईल तेव्हा होईल. तोवर दर २३ सप्टेंबरला मी नकाशा घेऊन उतारावर जातो. गेल्या खेपेला शाळेतली पाच-सहा मुले बरोबर आली होती. पोलमनची रांग कशी फिरली, हे त्यांनी मक्याच्या धाटांनी जमिनीवर मांडून पाहिले. परत निघताना त्यांतल्या एकाने तोच प्रश्न विचारला, आपले कोण होते. या वेळी मी त्याला नदीचे दोन्ही काठ दाखवले.