एका खिडकीसाठी किती ओळी?

१९७८ साली कर्निघन आणि रिची यांच्या सी भाषेवरील ग्रंथाने नवशिक्याला पडद्यावर ‘हॅलो, वर्ल्ड’ उमटवायला शिकवले. मुख्य काम एका आज्ञेचे होते. १९८५ मध्ये विंडोज आले आणि तेवढ्याच मजकुरासाठी सी भाषेत डझनावारी ओळी लिहाव्या लागू लागल्या.

खरी अडचण मात्र ओळींची नव्हती. विचारच उलटा करावा लागे. पूर्वी प्रोग्राम विचारी आणि माणूस उत्तर देई. आता सूत्रे माणसाच्या हाती गेली. तो माउस कोठे दाबेल, हे आधी ठाऊक नसे. म्हणून प्रोग्रामने निरोपांच्या रांगेपाशी थांबायचे आणि येईल त्या निरोपाला प्रतिसाद द्यायचा. १९८८ मध्ये चार्ल्स पेटझोल्ड यांच्या ‘प्रोग्रामिंग विंडोज’ने हाच धडा शिकवला.

त्याच वर्षी ॲलन कूपर यांनी आपले दृश्य साधन बिल गेट्स यांना दाखवले. त्याला बेसिक भाषेची जोड मिळून १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक अवतरले. फॉर्मवर बटण मांडायचे आणि ते दाबल्यावर काय घडावे, एवढेच लिहायचे. निरोपांची रांग पडद्याआड गेली. सी भाषा न येणाऱ्यालाही खिडकी उघडता आली.

वाट पाहण्याचा नियम मात्र बदलला नाही. आजही पहिले बटण लिहिणारा विद्यार्थी तोच नियम शिकतो.