ब्रॉड बीन : थंडीत रुजणारी शेंग

उत्तर भारतात 'बाकला' या नावाने रब्बी हंगामात घेतले जाणारे ब्रॉड बीन हे पीक महाराष्ट्रात फारसे परिचित नाही. 'व्हिसिया फाबा' हे त्याचे शास्त्रीय नाव. घेवडा, फरसबी किंवा वाल यांच्यापेक्षा वाटाणा आणि मसूर यांच्याशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे. फरसबी व राजमा ही मूळची अमेरिका खंडातील पिके सोळाव्या शतकात युरोपात पोहोचली. त्यापूर्वी उत्तर युरोपातील शेतकऱ्याच्या दृष्टीने 'बीन' म्हणजे हीच जाड, मखमली अस्तराची शेंग होती. ब्रिटनमध्ये आजही परसबागांतून आणि भाडेपट्ट्याने मिळणाऱ्या 'अ‍ॅलॉटमेंट' नावाच्या जमिनीच्या तुकड्यांवर वर्षातील पहिल्या भाज्यांपैकी एक म्हणून ती आवर्जून लावली जाते.

या पिकाचे सारे गणित थंडीवर बेतलेले आहे. फरसबीचे बी गार मातीत कुजते. ब्रॉड बीनचे बी मात्र जमिनीचे तापमान ५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतानाही रुजते. उलट उन्हाळा तापू लागला की त्याची फुले गळतात. म्हणून ब्रिटनमध्ये पेरणीचे दोन हंगाम मानले जातात : ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा मध्य, आणि फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. हिवाळ्यापूर्वीच्या पेरणीसाठी 'अ‍ॅक्वाडल्स क्लॉडिया' हा जुना, काटक वाण सर्वाधिक विश्वासाचा समजला जातो. या पेरणीत घाई नडते. सप्टेंबरात बी टाकल्यास रोपे हिवाळ्यापूर्वीच उंच वाढतात आणि वाऱ्याने व गारठ्याने मोडतात. कडाक्याची थंडी सुरू होताना रोप जेमतेम वीतभराहून कमी असावे.

गारठ्याने शेंडा काळा पडला तरी रोप मेले असे समजण्याचे कारण नाही. रुजताना या बियांची बीजदले फरसबीप्रमाणे जमिनीवर येत नाहीत. ती मातीखालीच राहतात. त्यांच्यालगतचे डोळेही मातीच्या आश्रयाने सुरक्षित असतात आणि वरचा भाग गेला तर तेथून नवे फुटवे येतात. हिवाळ्यात या पिकाचा खरा शत्रू थंडी नसून साचलेले पाणी हा आहे. भारी, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत, त्याचप्रमाणे स्कॉटलंडसारख्या अधिक थंड प्रदेशात, वसंतातील पेरणीच शहाणपणाची ठरते. जानेवारी-फेब्रुवारीत कुंड्यांत किंवा पुठ्ठ्याच्या नळ्यांत आडोशाला रोपे तयार करून ती नंतर लावण्याचीही पद्धत आहे. शेतात टोकलेले बी उकरून खाणाऱ्या उंदरांपासून त्यामुळे बचाव होतो, हा आणखी एक फायदा.

बी ५ सेंटीमीटर खोल टोकावे. दोन रोपांत सुमारे २० सेंटीमीटर अंतर ठेवून ओळी जोडीने घेतात. जोडओळीतील अंतर तेवढेच, आणि दोन जोड्यांमध्ये चालण्यापुरती, म्हणजे ६० सेंटीमीटर जागा. दाट लावण्याचा मोह टाळावा, कारण हवा खेळली नाही की पानांवर तपकिरी ठिपक्यांचा बुरशीजन्य रोग पसरतो. नत्रयुक्त खताची गरज नसते. मुळांवरील गाठींतील रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र मिळवून देतात. उंच वाणांना चारी कोपऱ्यांवर खुंट रोवून दोरीचा आधार द्यावा. 'द सटन' हा बुटका वाण वादळी जागेत किंवा कुंडीत सोयीचा.

काळे ठिपके असलेली पांढरी, सुवासिक फुले लांब जिभेच्या भुंग्यांना आकर्षित करतात. आखूड जिभेचे भुंगे मात्र फुलाच्या बुडाशी भोक पाडून मकरंद पळवतात आणि परागीभवनाचे काम बहुधा तसेच राहते. त्याहून मोठी तक्रार काळ्या माव्याची. मे-जूनमध्ये तो कोवळ्या शेंड्यांवर थव्याने बसतो. यावर औषध फवारण्यापूर्वी साधा उपाय करावा : खालच्या शेंगा धरू लागताच शेंडा खुडून टाकावा. माव्याचे आवडते ठिकाण नाहीसे होते आणि रोपाची शक्ती शेंगांकडे वळते. मावा लागण्यापूर्वी खुडलेले शेंडे पालेभाजीसारखे शिजवून खाता येतात. हिवाळ्यापूर्वी पेरलेले पीक माव्याचा जोर वाढण्याआधीच बरेचसे पुढे गेलेले असते. आगाप पेरणीचा खरा लाभ तोच.

शेंगा जूनपासून बुडाकडून वर तोडत जावे. दाणा जेथे शेंगेला चिकटलेला असतो तेथील खूण हिरवी वा पांढरट असेल तर दाणा कोवळा; काळी पडली असेल तर तो पिठूळ झाला. जून दाण्याची साल जाड व किंचित कडसर असते. दाणे उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून ती काढतात. मोड आलेले कडवे वाल सोलून डाळिंब्या करणाऱ्या घरांना हे काम नवे वाटणार नाही, आणि त्याच वळणाची उसळही या दाण्यांची चांगली होते.

एक सावधगिरी मात्र अत्यावश्यक आहे. या दाण्यांतील व्हिसिन व कन्व्हिसिन ही द्रव्ये 'जी-६-पीडी' या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या व्यक्तींच्या तांबड्या पेशी फोडतात. या कमतरतेचा शोध १९५६ मध्ये लागला. ती प्रामुख्याने पुरुषांत प्रकट होते, आणि भारतात पारशी समाजात तिचे प्रमाण तुलनेने अधिक आढळले आहे. शिजवल्याने धोका पूर्णपणे जात नाही. दाणे खाल्ल्यानंतर कावीळ, गडद लघवी व धाप ही लक्षणे दिसल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे. कमतरतेचे निदान साध्या रक्ततपासणीने होते.

बियाणे घरचे धरायचे असेल तर भुंग्यांमुळे होणारा संकर लक्षात घ्यावा लागतो. किरमिजी फुलांचा एक जुना वाण ब्रिटनमधून जवळजवळ नाहीसा झाला होता. १९७८ मध्ये केंट परगण्यातील एका वृद्ध महिलेने जपून ठेवलेले बी वारसा-वाणांच्या बीज संग्रहाला दिले आणि तो वाचला. आज त्याचे बी बाजारात मिळते. पण शेजारच्या वाफ्यात पांढऱ्या फुलांचा वाण असेल, तर पुढल्या पिढीत किरमिजी रंगाची खात्री राहत नाही. त्यासाठी एका हंगामात एकच वाण लावावा, शेंगा झाडावरच काळ्या पडून वाळू द्याव्यात आणि भुंगेऱ्याने भोके पाडलेले दाणे वेगळे काढावेत. पीक निघाल्यावर झाडे उपटू नयेत. खोड जमिनीलगत कापून मुळे मातीतच राहू द्यावीत, म्हणजे त्यांतील नत्र मागाहून लावलेल्या कोबीच्या कामी येते.