जीभ नेमकी कोठे अडखळते?

तोतरे बोलणारी व्यक्ती प्रत्येक शब्दावर अडखळत नाही. पाच-दहा शब्द सुरळीत येतात आणि मग एखाद्या शब्दापाशी जीभ अडते. नेमका तोच शब्द का? हा प्रश्न मोजमाप करून सोडवण्याचे मोठे काम अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात झाले.

तेथे ली एडवर्ड ट्रॅव्हिस यांच्या प्रयोगशाळेत १९२० नंतरच्या काळात असे मानले जाई, की मेंदूच्या दोन अर्धगोलांपैकी कोणाचेच वर्चस्व पक्के नसले, म्हणजे तोतरेपणा येतो. वेन्डेल जॉन्सन हे तेथील विद्यार्थी स्वतः तोतरे बोलत. त्यांनी डावा हात वापरावा म्हणून त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये घातला गेला. बोलणे काही सुधारले नाही. जॉन्सन पुढे तेथेच संशोधक झाले.

जॉन्सन आणि स्पेन्सर ब्राउन यांनी १९३५ साली एक साधी पद्धत वापरली. तोतरे बोलणाऱ्यांना उतारे मोठ्याने वाचायला द्यायचे आणि ज्या शब्दावर अडखळणे होईल त्यावर खूण करायची. ब्राउन यांनी हे काम पुढे चालू ठेवून १९४५ मध्ये निष्कर्ष एकत्र मांडले. इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांत अडखळण्याची शक्यता चार प्रकारच्या शब्दांवर जास्त होती: व्यंजनाने सुरू होणारे शब्द, लांब शब्द, वाक्याच्या आरंभीचे शब्द आणि नाम, क्रियापद, विशेषण, क्रियाविशेषण असे अर्थवाहक शब्द. एकाच शब्दात यांपैकी जितकी लक्षणे अधिक, तितका धोका अधिक.

ब्राउन यांचे स्पष्टीकरण मानसशास्त्रीय होते. असे शब्द बोलणाऱ्याला महत्त्वाचे वाटतात. ते चुकू नयेत या धास्तीने तो अडखळतो. हे पटण्यासारखे होते. पण मग ज्या लहान मुलांना अशी धास्ती अजून शिवलेली नाही, त्यांचे काय?

१९६७ साली ऑलिव्हर ब्लडस्टीन आणि बार्बरा गँटवर्क यांनी लहान मुलांचे बोलणे तपासले, तेव्हा चित्र उलटे दिसले. ही मुले नामांवर कमी आणि सर्वनामे व उभयान्वयी अव्यये अशा छोट्या शब्दांवर जास्त अडखळत होती. १९९९ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील पीटर हॉवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की वय वाढते तसे अडखळणे छोट्या शब्दांवरून अर्थवाहक शब्दांवर सरकते.

हॉवेल यांच्या मते, आपण एक शब्द उच्चारत असताना मेंदू पुढच्याची जुळणी करत असतो. पुढचा अवघड शब्द तयार नसेल, तर लहान मूल आधीच्या सोप्या शब्दावर घुटमळते: ‘मी-मी-मी’. म्हणजे ते वेळ काढत असते. प्रौढ मात्र न थांबता पुढे रेटतो आणि अर्धवट तयार झालेल्या शब्दातच अडकतो.

येथे एक सावधगिरी हवी. तोतरेपणा भाषेमुळे होत नाही. २०१० साली पाकिस्तानातील काही कुटुंबांच्या अभ्यासातून त्याच्याशी निगडित जनुकीय बदलही सापडले. भाषेच्या रचनेचा प्रभाव पडतो तो अडखळणे कोठे होईल यावर. शिवाय इंग्रजीचे निष्कर्ष जसेच्या तसे मराठीला लावता येत नाहीत. इंग्रजीत ‘इन द स्कूल’ म्हणताना दोन छोटे शब्द नामाच्या आधी येतात. मराठीत ‘शाळेत’ म्हणताना प्रत्यय नामालाच चिकटतो. घुटमळायला तेथे आधी छोटा शब्दच नाही.

मग शिक्षकांनी यातून काय घ्यावे? विद्यार्थी वाचताना अडखळला की आपण सहज म्हणतो, ‘घाबरू नकोस, पुन्हा पहिल्यापासून सांग.’ हेतू चांगला असतो. पण वाक्याचा आरंभ हीच धोक्याची जागा, आणि तेथेच आपण त्याला परत नेतो. जॉन्सन आणि जॉन नॉट यांनी १९३७ मध्ये दाखवले होते, की तोच उतारा पुन्हा वाचला तर अडखळणे कमी होते, पण जे उरते ते बहुधा आधीच्याच शब्दांवर. म्हणून वर्गासमोर वाचण्याच्या जरा आधी तोच उतारा एक-दोनदा मोठ्याने वाचू देणे उपयोगी ठरते. इतरांबरोबर एका सुरात वाचताना तर अडखळणे जवळजवळ नाहीसे होते. या दोन्ही गोष्टी वर्गात सहज करता येतात.

आणि तो एखाद्या शब्दाशी झगडत असेल, तर तो शब्द आपण पुरा करू नये. त्याला काय म्हणायचे आहे हे पक्के ठाऊक असते. त्याला हवा असतो तो फक्त वेळ.