मृगदाय ते परवाना : मृगवधाच्या मर्यादेचा इतिहास

धम्मचक्राच्या दोन्ही बाजूंस बसलेले दोन मृग आपल्या अनेक विहारांच्या प्रवेशद्वारांवर कोरलेले असतात. तथागतांनी ज्या इसिपतनात पहिले प्रवचन दिले, त्या मृगदायाची ती खूण होय. मृगांना अभय मिळावे म्हणून दिलेले वन, असा 'मिगदाय' या शब्दाचा अर्थ अट्ठकथाकार सांगतात. परंतु अभय मिळालेल्या मृगांची संख्या वाढते आणि वनाच्या कडेला शेतकऱ्याचे पीक उभे असते. मग मृग मारावेत काय, मारावेत तर किती, आणि ते कोणी ठरवावे? आज हा प्रश्न वनखात्याच्या परवान्याचा मानला जातो. वस्तुतः तो अतिशय प्राचीन आहे. पालि वाङ्मयाने आणि अशोकाच्या लेखांनी त्याचा केलेला विचार येथे थोडक्यात मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

निग्रोधमिग जातक (क्र. १२) सर्वांच्या परिचयाचे आहे. वाराणसीच्या ब्रह्मदत्त राजाला मृगयेचे व्यसन होते. त्याच्या शिकारीपायी प्रजाजनांना आपली कामे टाकून जावे लागे. या जाचाला कंटाळून लोकांनी राजोद्यानात गवत लावले, पाण्याची सोय केली आणि मृगांचे कळप हाकून आत कोंडले. तेथे बाणांच्या भयाने धावणारे अनेक मृग विनाकारण घायाळ होऊ लागले. तेव्हा निग्रोध आणि साख या दोन कळपनायकांनी आपसांत ठरविले की, एक दिवस एका कळपातील व दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कळपातील एकच मृग पाळीने वधस्थानी जाईल. संख्या निश्चित, क्रम निश्चित, अनावश्यक हिंसा टळलेली. आजच्या भाषेत बोलावयाचे तर ही नियंत्रित शिकारच होती, आणि पूर्वीच्या बेबंद मृगयेपेक्षा ती निश्चितच बरी होती.

तथापि जातककार येथे थांबत नाही. एके दिवशी साखाच्या कळपातील गाभण हरिणीची पाळी येते. प्रसूतीनंतर आम्ही दोघे आपापल्या पाळीने जाऊ, एवढीच तिची विनवणी असते. साख नियमावर बोट ठेवून नकार देतो. निग्रोध मात्र तिच्या जागी स्वतः वधशिळेवर मान ठेवतो. हे पाहून राजाचे मन पालटते. निग्रोध त्याच्याकडून प्रथम उद्यानातील मृगांसाठी, मग उद्यानाबाहेरील मृगांसाठी, मग इतर चतुष्पाद, पक्षी आणि मत्स्य यांच्यासाठी एकेक करून अभय मिळवितो. साखाचा नियम खोटा नव्हता. पण पाळीचा भार कोणावर पडतो हे पाहण्यास तो नियम असमर्थ होता.

या जातकाचा शेवट सहसा सांगितला जात नाही, आणि आमच्या मते या प्रश्नाच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. अभय मिळालेले मृग लोकांची पिके खाऊ लागतात. लोकांना त्यांना मारता येत नाही. ते राजाकडे गाऱ्हाणे नेतात. राजा म्हणतो, राज्य गेले तरी चालेल, दिलेला वर मोडणार नाही. हे ऐकून निग्रोध आपल्या कळपाला एकत्र करून परक्यांचे पीक खाण्यास मनाई करतो आणि लोकांना निरोप धाडतो की, कुंपणे घालू नका, शेताच्या कडेने पानांची खूण बांधा. ती खूण मृग ओलांडीत नाहीत. हिला पालीत 'पण्णसञ्ञा' म्हटले आहे. कथेतील मृग ऐकतात, रानातील ऐकत नाहीत, हे उघड आहे. तरीही शेतकऱ्याचे गाऱ्हाणे जातककाराने दडविले नाही, हे लक्षात घ्यावे. अभयदान पूर्ण झाल्यावरही पिकाचा प्रश्न उरतो आणि तो सोडविण्याची जबाबदारी अभय मागणाऱ्यावर येते, हे त्याने मान्य केले.

आता राजशासनाकडे वळू. कौटिल्याच्या नावावरील अर्थशास्त्रात 'सूनाध्यक्ष' हा अधिकारी आहे. अभय दिलेल्या मृग-पक्ष्यांचा वध करणाऱ्यास दंड करणे आणि ज्यांचा वध चालतो त्यांतून राजाचा सहावा हिस्सा घेणे, ही त्याची कामे. येथे मर्यादा आहे, पण ती बव्हंशी राजकोशाच्या सोयीची आहे.

इ. स. पू. तिसऱ्या शतकात अशोकाने या मर्यादेचा हेतूच बदलला. पहिल्या शिलालेखात तो सांगतो की, पूर्वी राजाच्या पाकशाळेत रोज लक्षावधी प्राणी मारले जात. आता दोन मोर आणि एक मृग असे तीनच मारले जातात, मृग तर नेहमी नव्हे. आणि पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. मर्यादा प्रथम स्वतःवर घालणारा आणि तिचा आकडा प्रजेपुढे कोरून ठेवणारा हा राजा होता. आठव्या शिलालेखात मृगयेच्या विहारयात्रा सोडून आपण धम्मयात्रा सुरू केल्याचे तो नमूद करतो. याच लेखाचा एक तुकडा भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली आपल्या सोपाऱ्यात सापडला, ही महाराष्ट्राला अभिमानाची गोष्ट आहे.

राज्याभिषेकास २६ वर्षे झाल्यावरच्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे. गाभण व दुभत्या शेळ्या, मेंढ्या व डुकरिणी आणि सहा महिन्यांच्या आतील पिले मारू नयेत. जीवहिंसेसाठी वने जाळू नयेत. ठराविक तिथींना व उपोसथाच्या दिवशी हत्तींच्या वनांत आणि कोळ्यांच्या राखीव जलाशयांत कोणताही जीव मारू नये, असे त्यात म्हटले आहे. मृगया सर्वस्वी बंद केल्याचे त्यात म्हटलेले नाही. काळ, वय आणि जात यांची बंधने मात्र आहेत. पुढील वर्षीच्या सातव्या स्तंभलेखात अशोक धम्मवृद्धीचे दोन मार्ग सांगतो : नियम आणि निझति, म्हणजे मनास पटवून देणे. प्राण्यांना अवध्य ठरविणे हा नियम होय; परंतु नियमाचे फळ अल्प आणि निझतीचे अधिक, असा त्याचा निर्वाळा आहे.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेची चर्चा करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. तत्त्व माणसाला विवेकाने वागण्याची मोकळीक देते. नियम देत नाही. साख आणि निग्रोध यांच्यातील अंतर या भेदाने नेमके उलगडते.

हा प्रश्न बौद्ध जगात आजही जिवंत आहे. जपानमधील नारा येथे तोदाइ-जी व कोफुकु-जी या बौद्ध मंदिरांच्या आणि कासुगा या शिंतो देवस्थानाच्या परिसरात हजाराहून अधिक हरणे मोकळी फिरतात. तेथील हरणांना १९५७ साली राष्ट्रीय नैसर्गिक ठेव्याचा दर्जा मिळाला. परंतु भोवतालच्या शेतकऱ्यांची पिके जाऊ लागली आणि १९७९ साली ते न्यायालयात गेले. १९८५ च्या तडजोडीत परिसराचे विभाग पाडून मंदिरांजवळ पूर्ण संरक्षण, तर दूरच्या भागात हरणे पकडण्यास मुभा असे ठरले. प्रत्यक्षात दूरच्या भागातील हरणे पकडून मारण्यास सुरुवात झाली ती २०१७ साली, आणि तीही वर्षाला १२० ही कमाल मर्यादा ठरवून. मुभा मिळूनही तीस वर्षे हात आखडलेला राहिला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात प्रारंभी शिकारीचे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीने ती पद्धत संपली. आज कलम ११ अन्वये, उभ्या पिकास धोका असल्यास, कारणे नमूद करून लेखी आदेशानेच काही प्राण्यांच्या शिकारीस अनुमती देता येते. काळवीट अनुसूची १ मध्ये असल्याने पिकाखातर त्यास मारता येत नाही. त्यामुळे काळविटांच्या रेहेकुरीसारख्या अभयारण्याभोवतालचा शेतकरी असो वा रोह्यांच्या कळपांनी गांजलेला विदर्भातील अल्पभूधारक असो, रात्र रात्र मचाणावर जागणे त्याच्या नशिबी येते. यांत आपले कित्येक आप्तस्वकीय आहेत. ज्याच्याजवळ बंदूक नाही, त्याला अनुमतीचा कागद मिळूनही काय उपयोग? आणि भरपाई वेळेवर व पुरेशी मिळाली नाही, तर मृगांच्या अभयाची किंमत समाजातील सर्वांत दुर्बल माणूस एकटा मोजतो.

म्हणून परवाना हवा की नको, एवढाच वाद आम्हांस अपुरा वाटतो. परवाना देताना मारण्याची गरज सिद्ध झाली आहे काय, की केवळ इच्छा आहे? मर्यादेचा आकडा अशोकाप्रमाणे सर्वांसमोर मांडला आहे काय? गाभण मादी आणि पिलू वगळले आहे काय? आणि मारण्यापूर्वी कुंपण, राखण व भरपाई हे उपाय प्रामाणिकपणे करून पाहिले आहेत काय? ब्रह्मदत्ताने अभय दिले, पण गाऱ्हाणे घेऊन आलेल्या शेतकऱ्यांना त्याच्याजवळ उत्तर नव्हते. ते उत्तर निग्रोधाने शोधले. शासनाने आणि आपण सर्वांनी आपल्या काळातील पण्णसञ्ञा शोधली पाहिजे. विहाराच्या दारावरील त्या दोन मृगांचे स्मरण ठेवताना शेताच्या बांधावर जागणाऱ्या माणसाचेही स्मरण ठेवणे, हेच धम्माला धरून होईल.