पटवाऱ्याच्या दप्तरापासून पोर्टलपर्यंत : मलकापूरहून पाहिलेला नोकरभरतीचा इतिहास

१/ २०२३ साली महाराष्ट्रात तलाठ्यांच्या ४,६४४ जागांची जाहिरात निघाली आणि दहा लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून जास्त उमेदवार. शुल्क खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये, राखीव प्रवर्गाला ९००. मलकापूरसारख्या तालुक्याच्या गावी अभ्यासिकेत बसणाऱ्या पदवीधराला ही गणिते नवी नाहीत. पण ज्या पदासाठी ही झुंबड उडाली, ते पद पूर्वी भरले कसे जात होते? त्याविषयी हा थ्रेड. 🧵

२/ मलकापूर हे 'ऐन-इ-अकबरी'त नरनाळा सरकारातील परगणा म्हणून नोंदलेले ठिकाण. वऱ्हाडातील अशा परगण्यांवर देशमुख-देशपांडे आणि गावोगावी पाटील-पटवारी हे वतनदार असत. जमिनीचे दप्तर पटवाऱ्याच्या घरी राही आणि बापाकडून मुलाकडे जाई. जाहिरात नाही, अर्ज नाही. जन्म हीच पात्रता. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले, तरी ही परंपरा लगेच मोडली नाही. १९०० साली वऱ्हाडातील पाटील-पटवाऱ्यांसाठी झालेल्या कायद्यातही वतनदार घराण्याचा हक्क गृहीत धरलेला होता.

३/ वरच्या नोकऱ्यांत जन्माऐवजी वशिला चाले. ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक आपल्या ओळखीतल्या मुलांची नावे सुचवत. ती मुले हेलीबरीच्या महाविद्यालयात शिकून हिंदुस्थानात अधिकारी होत. १८५३ च्या सनदी कायद्याने हा अधिकार काढून घेतला. पुढच्याच वर्षी मेकॉलेच्या समितीने खुल्या स्पर्धेची रूपरेषा आखली आणि १८५५ मध्ये लंडनला पहिली परीक्षा झाली. आजच्या प्रत्येक स्पर्धा परीक्षेचे मूळ इथे आहे. वशिल्यावरचा उपाय म्हणून परीक्षा आली.

४/ परीक्षा सर्वांना खुली होती, परंतु ती द्यायला लंडन गाठावे लागे. १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर उत्तीर्ण झालेले पहिले हिंदी उमेदवार ठरले. त्यांची नोकरी पुढे मुंबई इलाख्यात झाली. १८७० च्या दशकात कमाल वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणली गेली. एवढ्या लहान वयात परक्या भाषेत, परक्या देशात परीक्षा देणे बहुतेकांना अशक्यच होते. सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनी या प्रश्नावर देशभर दौरा केला. उमेदवारांच्या वयावरून उभे राहिलेले हे आपल्याकडचे पहिले मोठे आंदोलन.

५/ मागण्या दोन होत्या : वय वाढवा आणि परीक्षा हिंदुस्थानातही घ्या. पुढे ऐचिसन आयोगाने २३ वर्षांची मर्यादा सुचवली आणि ती मान्य झाली. दुसऱ्या मागणीसाठी १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहाने ठरावही केला. प्रत्यक्षात अलाहाबादला परीक्षा झाली ती १९२२ मध्ये. ठराव आणि अंमलबजावणी यांत २९ वर्षे गेली. ठराव झाला त्या वर्षीचा विशीतला उमेदवार तोवर पन्नाशीला पोहोचला होता.

६/ या काळात मलकापूर बदलत होते. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे वऱ्हाडातल्या कापसासाठी आली आणि १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. स्टेशन, टपाल, तार, कचेरी : शिकलेल्या मुलाला पगारी नोकरीची वाट दिसू लागली. १९३५ च्या कायद्यानंतर प्रांतांना लोकसेवा आयोग मिळाले. मात्र बिहार, ओरिसा आणि मध्य प्रांत व वऱ्हाड यांचा आयोग सामाईक होता आणि त्याचे ठाणे रांचीत होते. लंडनपेक्षा जवळ, तरी वऱ्हाडी उमेदवारासाठी दूरच.

७/ दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून मोकळ्या झालेल्यांसाठी १९४५ मध्ये रोजगार विनिमय केंद्रे उघडली. १९४८ पासून ती सर्वांना खुली झाली. लोक त्यांना 'एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज' म्हणू लागले. तिथे नाव नोंदवायचे, कार्ड घ्यायचे, मुदत संपली की नूतनीकरण करायचे आणि ज्येष्ठता यादीत आपला क्रमांक कधी लागतो याची वाट पाहायची. मलकापूर घाटाखाली आणि जिल्ह्याचे बुलढाणा घाटावर. बुलढाण्याला रेल्वे नाही, त्यामुळे जिल्ह्याच्या कचेरीतल्या कामासाठी एसटीने घाट चढणे हाच मार्ग.

८/ १९५९ च्या कायद्याने सरकारी आस्थापनांना आणि २५ वा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांना रिक्त जागा या केंद्रांना कळवणे बंधनकारक केले. हा कायदा १ मे १९६० रोजी, म्हणजे महाराष्ट्र राज्य जन्मले त्याच दिवशी लागू झाला. त्यातील एक तरतूद फार कमी जणांना ठाऊक असते : जागा कळवणे सक्तीचे, पण केंद्राने पाठवलेल्यांतूनच माणूस घेणे सक्तीचे नाही. उमेदवाराच्या हातात कार्ड होते. नोकरी देण्याचे बंधन कोणावरच नव्हते.

९/ केवळ केंद्राकडून आलेल्या नावांचाच विचार झाला, तर बाकीचे पात्र उमेदवार वंचित राहतात, असा वाद न्यायालयांत गेला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राकडून नावे मागवावीत आणि शिवाय वृत्तपत्रांतून जाहिरातही द्यावी, असे सांगितले. दार रुंद झाले ते योग्यच. मात्र जागा वाढल्या नाहीत, अर्ज वाढले. अर्जांसोबत शुल्कही आले.

१०/ २०१७ मध्ये राज्याने 'महापरीक्षा' पोर्टल आणले. हेतू पारदर्शकतेचा होता. गैरव्यवस्थेच्या तक्रारींनंतर २०२० मध्ये ते बंद करावे लागले. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवा पूर्वपरीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली गेली आणि पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी आरोग्य विभागाच्या भरतीची प्रश्नपत्रिका फुटली आणि डिसेंबरमध्ये म्हाडाची परीक्षा ऐन वेळी रद्द झाली. २०२३ मध्ये शासनाने कमाल वयोमर्यादेत दोन वर्षांची सूट दिली. वाट पाहण्यात वये निघून गेली, याची ती कबुलीच होती.

११/ २०२४ मध्ये केंद्राने परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध कायदा केला. संघटित गुन्ह्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि किमान एक कोटी रुपये दंड. पेपर फोडणाऱ्याला शिक्षा आहे. मात्र जाहिरातीपासून नियुक्तीपर्यंत किती दिवस लागावेत, हे त्या कायद्यात नाही. लोकसेवा आयोग दरवर्षी जे वेळापत्रक जाहीर करतो, त्याचे नावच 'अंदाजित वेळापत्रक'. उमेदवाराची अर्ज भरण्याची शेवटची तारीख मात्र अंदाजित नसते.

१२/ जन्माची अट गेली, वशिल्यावर परीक्षेचा उपाय झाला, यादीवर जाहिरातीचा. प्रत्येक नवी पद्धत जुन्या अन्यायावर उतारा म्हणून आली आणि प्रत्येक वेळी प्रवास, शुल्क आणि वाट पाहण्याची वर्षे उमेदवाराच्या खात्यात जमा झाली. वय वाढले, परीक्षा मायदेशी आली, जाहिरात सक्तीची झाली, कारण कोणीतरी ते नेमके मागितले होते. भरती करणाऱ्यालाही तारखेचे बंधन असावे, ही मागणी या मालिकेत अजून पुरी व्हायची आहे.