विझलेला दिवा

२८ मार्च १९७९ची पहाट. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात एक झडप उघडली, ती मिटलीच नाही. नियंत्रण कक्षातला तिचा दिवा मात्र विझला. तो झडपेची स्थिती दाखवतच नव्हता. ‘मिट’ हा हुकूम सुटला, एवढेच सांगत होता. शंभराहून अधिक धोक्याच्या सूचना एकदम सुरू झाल्या. संगणकाचे छापयंत्रही मागे पडले. पाणी गळत असताना कर्मचाऱ्यांनी उलट आणीबाणीचा पाणीपुरवठा कमी केला, कारण समोरचा मापक पाणी भरपूर असल्याचे दाखवत होता! याला नुसती ‘मानवी चूक’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते. केमेनी आयोगानेही कक्षाच्या रचनेवर बोट ठेवले. सकाळी ६.२२ला पर्यायी झडप मिटली. गळती ओळखणारा माणूस नुकताच कामावर आला होता.