बियर निवळणारा मासा

बियर म्हणजे जव, हॉप्सची फुलं, पाणी आणि यीस्ट. वाइन म्हणजे द्राक्षं. घटक पाहिले तर दोन्ही सोवळ्यातल्या. तरीही इंदूरमधल्या विजयनगरच्या एखाद्या पबमध्ये कुणी व्हीगन मुलगी मेनू हातात घेऊन "भिया, यात मासा तर नाही ना?" असं विचारते आणि वेटर हसतो, तेव्हा बाजू तिचीच बरोबर असते.

दूध, तूप, मध सोडलेल्याला इंदूर तसंही अवघड शहर. इथल्या शिकंजीत लिंबू नसतं, आटवलेलं दूध असतं. सराफ्यातला भुट्ट्याचा कीससुद्धा दुधातच शिजतो. पण तिथे निदान दूध जिभेला कळतं. बियरमधला मासा कळत नाही, कारण पेल्यात काहीही दिसू न देणं हेच त्याचं काम.

माशाच्या पोटात हवेची एक पिशवी असते, तिच्या आधाराने तो पाण्यात हवा तितका वर-खाली राहतो. आपल्या किनाऱ्यावरचे कोळी तिला बोत म्हणतात. ती काढून, धुऊन, वाळवली की जवळजवळ निव्वळ कोलॅजन हाती येतं. युरोपच्या बाजारात त्याचं नाव आयसिंग्लास. अठराव्या शतकात हा माल इंग्लंडला रशियातून येई: कास्पियन समुद्र आणि व्होल्गा नदीतल्या स्टर्जनचा. ज्याच्या अंड्यांचं कॅव्हियार होतं, तोच हा मासा. सरस करायला, जेली थिजवायला, वाइन आणि बियर निवळायला हा माल लागे. रशियन लोक तो नेमका कसा बनवतात हे हम्फ्री जॅक्सन याने 1773 मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात सविस्तर छापलं. नंतर विल्यम मर्डॉक पुढे आला. वाफेची इंजिनं आणि गॅसचे दिवे यांसाठी ज्याचं नाव घेतलं जातं, तोच हा मर्डॉक. महागड्या रशियन मालाऐवजी कॉड माशाचा बोत वापरायची रीत त्याने शोधली आणि लंडनच्या बियरवाल्यांनी तिच्यासाठी त्याला 2,000 पौंड मोजले. त्या काळात ही रक्कम म्हणजे गंमत नव्हती. बियरच्या धंद्याला हा मासा किती हवा होता, ते त्यावरून कळतं.

हवा कशाला? बियर आंबून झाली की यीस्टचे बारीक कण तिच्यात तरंगत राहतात. त्यांच्यावर ऋण भार असतो, बियरच्या आंबटपणात कोलॅजनवर धन. दोघं एकमेकांना धरतात, गुठळ्या होतात आणि पिंपाच्या तळाशी बसतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवावी, तसाच प्रकार. एरवी वाट पाहत बसावं लागलं असतं, ते काम एक-दोन दिवसांत उरकतं. यासाठी बोत लागतो अगदी थोडा, आणि त्यातलाही बहुतेक गाळाबरोबर तळाशी राहतो. "मग काय बिघडलं?" असं विचारणारे भेटतात. व्हीगन माणसाचा हिशेब पेल्यात किती मासा उरला याचा नसतो. मासा मारला गेला की नाही, एवढाच असतो.

गढूळपणाची लाज माणसाला फार जुनी नाही. मातीच्या, लाकडाच्या, कथलाच्या मगातून बियर पिणाऱ्याला आत काय तरंगतंय याची फिकीर नसे. इंग्लंडने 1845 मध्ये काचेवरचा कर उठवला, काचेचे पेले स्वस्त झाले, आणि बियर जिभेइतकीच डोळ्यांनीही प्यायली जाऊ लागली. माझ्या मते व्हीगन माणसाची खरी अडचण तिथून पक्की झाली. वाइनची कथा निराळी नाही. तिथे अंड्याचा पांढरा बलक, दुधातलं केसीन, जिलेटीन अशी निवळणी वापरतात. युरोपात बैलाचं रक्तही चाले. मॅड काऊ रोगाची साथ आल्यावर 1997 मध्ये त्यावर बंदी आली.

या कथेत आपला किनारा मधेच शिरतो. कानपूरला जन्मलेले आणि सहारनपूरची सरकारी बाग सांभाळलेले वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन फोर्ब्स रॉयल यांनी 1842 मध्ये हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरच्या आयसिंग्लासवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. इथले वाळवलेले बोत तोवर जहाजांत भरून चीनला जात होते, सूपासाठी. इंग्लंडने रशियाच्या तोंडाकडे पाहण्यापेक्षा हा माल घ्यावा, हा रॉयल यांचा आग्रह. तसं झालंही: पुढे कराची, पेनांग, सायगावचे बोत विलायतेच्या पिंपांत उतरले.

आणि ज्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर बोत वाळत होते, त्याच जिल्ह्यात, आणि शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात, मुंबई सरकारने 1892 मध्ये खास कायदा करून मोहाच्या फुलांची साठवण आणि विक्री आवळली. आदिवासींनी घरची दारू गाळू नये, सरकारी अबकारीचं उत्पन्न बुडू नये, एवढाच हेतू. माशाला बाजार मोकळा, फुलाला पहारा.

मोहाच्या दारूत निवळणीचा प्रश्नच येत नाही. वाळलेली फुलं पाण्यात भिजतात, आंबतात, मग भट्टीवर चढतात. वाफ होऊन जे पलीकडे थेंबाथेंबाने पडतं, त्यात यीस्ट किंवा प्रथिनं येतच नाहीत. गाळ मागे मडक्यात. व्हिस्की, रम, जिन, व्होडका यांचंही तेच. त्यामुळे गाळीव दारू, वरून काही घातलं नसेल तर, व्हीगन माणसाला बहुधा चालते. इंदूर संभागातल्या अलीराजपूर जिल्ह्यातला आदिवासी बचतगट मोहापासून 'मोंड' नावाची दारू बनवतो. मध्य प्रदेश सरकारने तिला 'हेरिटेज' म्हणून मान्यता दिली. शतकभर जिच्यामागे अबकारीचे शिपाई लागले, तिला हे नाव मिळावं, यावर मी काही बोलत नाही.

'वरून काही घातलं नसेल तर' हे शब्द मात्र विसरू नयेत. आयरिश क्रीम म्हणजे साय. मीड म्हणजे मध. पुण्या-नाशकात आता चांगलं मीड बनतं, पण ते या यादीबाहेर. व्हिस्की सावरमध्ये फेसासाठी अंड्याचा पांढरा बलक घालतात. कांपारीचा लाल रंग कितीतरी काळ कोचिनील या किड्यापासून यायचा.

राहता राहिली बियर आणि वाइन. भारतातल्या दुकानात मिळणारी लागर बहुतेक यंत्राने गाळलेली असते. अनेक कारखाने त्यासाठी डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाच्या जीवाश्मांची पूड वापरतात, आणि तिच्यावर आक्षेप घेणारा अजून मला भेटलेला नाही. पण गाळण्याआधी कारखान्याने काय घातलं, हे बाटली सांगत नाही. मद्यावर हिरवा ठिपका छापायची सक्ती नाही. व्हीगन खाद्यपदार्थांचे नियम 2022 मध्ये आले, पण चिन्ह घ्यायचं की नाही हे उत्पादकाच्या हाती. तेव्हा कंपनीला लिहून विचारणं हाच मार्ग. वाइनवाल्याने "बेंटोनाइट" असं उत्तर दिलं तर ती माती असते, निर्धास्त प्यावं. पबमध्येच बसायचं तर गव्हाची, मुद्दाम गढूळ ठेवलेली बियर मागवणं सोपं. तिला निवळायचं कारणच नसतं.

डब्लिनच्या गिनेसने 2015 मध्ये बोत सोडत असल्याचं जाहीर केलं आणि पुढच्या काही वर्षांत नवी गाळणयंत्रणा बसवून आधी पिंपं, मग बाटल्या-डबे बदलले. व्हीगन मंडळींनी त्याचं श्रेय घेतलं. त्यांचा वाटा होताच. इकडे आपल्या किनाऱ्यावर बाजाराने वेगळाच निकाल लावला होता. पालघर जिल्ह्यातल्या मुरबे गावच्या एका बोटीला 2021 च्या ऑगस्टमध्ये 157 घोळ मासे लागले आणि लिलावात त्यांचे 1 कोटी 33 लाख रुपये आले. हा भाव मांसाला नव्हता, पोटातल्या बोताला होता. सिंगापूर-हाँगकाँगकडे त्याला सोन्याची किंमत आहे. घोळीच्या बोताने बियर निवळायची म्हटली, तर आधी कारखाना विकावा लागेल.